मादी सशाचं माप

रोजच्या मराठीत मादी सशाला नाव नाही. वाघाला वाघीण आहे, सिंहाला सिंहीण आहे, कोंबड्याला कोंबडी आहे. फार काय, गाढवालासुद्धा गाढवीण मिळाली आहे. सशाचं मात्र घोडं अडलं. शब्दकोशाच्या एखाद्या कोपऱ्यात सशाच्या कुटुंबासाठी शब्द अंग चोरून बसला असेलही. पण आपण बोलताना 'मादी ससा' असंच म्हणतो. म्हणजे ससा हा मूळ ग्रंथ आणि मादी ही त्याला मागाहून जोडलेली पुरवणी! गोष्टींतही तीच तऱ्हा. पाठीवर पान पडलं म्हणून पळत सुटला तो ससा, कासवाशी शर्यत लावून झोपी गेला तो ससा, आणि सिंहाला विहिरीत उडी मारायला लावली तोही ससाच. हे सगळे पराक्रम चालू असताना सौभाग्यवती कुठे होत्या, याची चौकशी आजवर एकाही गोष्टीनं केलेली नाही. बहुधा बिळात असाव्यात. पिल्लं होण्याच्या सुमारास मादी स्वतःच्या अंगावरची लव उपटून पिल्लांसाठी गादी करते, आणि असल्या कामांची गोष्ट होत नसते.

भाषेचा हा विसरभोळेपणा आपण पोटात घालू. भाषा काही मोजून-मापून बोलण्याबद्दल प्रसिद्ध नाही. पण ज्यांचा सगळा व्यवसायच मोजण्या-मापण्याचा, त्या शास्त्रज्ञ मंडळींनीही मादी सशाला असंच बिळात ठेवलं असेल तर? तर मात्र चार शब्द सुनवायला हवेत, आणि ते सुनवण्यासाठीच आज लेखणी उचलली आहे.

विषय निघाला तो आमच्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळात. तिथे एक निवृत्त इंजिनिअर आहेत. नोकरीत असताना पूल बांधायचे, आता मतं बांधतात. एके दिवशी कोणाच्या तरी सुनेनं गाडी लावताना कुंडी फोडली, त्यावरून त्यांनी सिद्धांत मांडला : "अहो, बायकांचा मेंदू पुरुषांपेक्षा लहान असतो. हे मी नाही म्हणत, विज्ञानानं सिद्ध केलंय!" 'हे मी नाही म्हणत' असं म्हणणारा माणूस पुढे जे बोलतो ते नेहमी त्याचंच असतं, हा माझा अनुभव. पण विज्ञानाचं नाव निघालं की बाकावरची मंडळी देवळात आल्यासारखी गप्प होतात. त्यांनी त्याच आठवड्यात एका तरुण मुलानं स्कूटर थेट दूधकेंद्रात घातली होती, त्याच्या मेंदूचं वजन मात्र विचारलं नाही. ते कोणीच विचारत नाही. पुरुषाच्या हातून अपघात होतो तो त्याचा एकट्याचा. बाईच्या हातून झाला की तो समस्त स्त्रीजातीच्या खात्यावर जमा!

माझी भाची एका प्रयोगशाळेत प्राण्यांच्या मेंदूंचा अभ्यास करते. सशाचे मेंदू मोजणं हा तिच्या कामाचा भाग. कुठल्याही सुसंस्कृत घरात याविषयी जेवताना बोलू नये. पण ती नेमकी जेवतानाच बोलते. सशाचा मेंदू दहा-बारा ग्रॅमचा, म्हणजे बेताच्या आवळ्याएवढा. माणसाच्या मेंदूवर असतात तशा वळ्या त्यावर नसतात, वरून गुळगुळीत. तो औषधात मुरवून घट्ट करायचा, यंत्रावर त्याच्या कागदाहून पातळ चकत्या काढायच्या, रंगवायच्या, प्रत्येक चकतीतल्या हव्या त्या भागाचं क्षेत्रफळ काढायचं आणि त्याला चकत्यांमधल्या अंतरानं गुणायचं, की त्या भागाचं आकारमान हाती येतं. सतराव्या शतकात काव्हालिएरी नावाच्या इटालियन गणितज्ञानं सांगितलेली ही रीत. हे सगळं तिनं मला पानातल्या काकडीच्या चकत्या मांडून समजावलं. आता ससा जिवंत ठेवून एमआरआयनंही मोजतात. माझ्या लेखी ही सुधारणाच. सशाचं मत वेगळं असण्याचं कारण नाही.

मी इंजिनिअरसाहेबांचा सिद्धांत तिच्यापुढे ठेवला आणि विचारलं, "काय गं, सशांत कोणाचा मेंदू मोठा? नराचा की मादीचा?"

"मामा," ती म्हणाली, "हे कळायला आधी मादी मोजायला हवी ना? वर्षानुवर्षं लोकांनी नरच मोजले आणि खाली 'ससा' म्हणून सही ठोकली."

मला वाटलं, पोरगी अतिशयोक्ती करते आहे. पण तिनं आकडेच पुढे केले. २०११ साली ॲनालीझ बिअरी आणि अर्व्हिंग झुकर या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी प्राण्यांवरच्या संशोधनाच्या दहा शाखांतले लेख चाळले. दहापैकी आठ शाखांत नरांचं पारडं जड. मेंदूच्या शाखेत तर कहर : जिथे एकट्या मादीवर प्रयोग झाला अशा एका लेखामागे एकट्या नरावरचे साडेपाच! आता गंमत बघा. बाईचा मेंदू कसा असतो यावर जगात जेवढी व्याख्यानं झाली असतील तेवढी दुसऱ्या कुठल्या अवयवावर झाली नसतील. आणि मोजायची वेळ आली तेव्हा मादीला दाराबाहेर उभं केलं. मुलगी न बघताच नापसंत करण्यातला हा प्रकार.

यावर शास्त्रज्ञांची सबब ठरलेली. म्हणे, मादीच्या शरीरात हार्मोन्सचं चक्र चालू असतं, त्यामुळे आकडे वरखाली होतात. नर कसा, एकसारखा! नर एकसारखा असतो हे ज्यानं लिहिलं त्याचं लग्न झालेलं नसावं. २०१४ साली ब्रायन प्रेंडरगास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवरचे २९३ लेख तपासले, तेव्हा चक्राकडे मुळीच लक्ष न देता मोजलेल्या माद्यांचे आकडे नरांपेक्षा जास्त वरखाली होत नाहीत असं निघालं. पिंजऱ्यातले नर एकमेकांशी मारामाऱ्या करतात, कोणी दादा होतो, कोणी शेपूट घालतो, आणि त्याप्रमाणे त्यांचेही हार्मोन्स चढतात-उतरतात. सशाच्या बाबतीत तर ही सबब पायच टेकू शकत नाही. मादी सशाला उंदरासारखं चार-पाच दिवसांचं ठरलेलं चक्रच नसतं. नराशी संबंध आल्यानंतर दहा-बारा तासांनी तिचं बीज सुटतं. म्हणजे बिचारीकडे जे मुळात नाही, त्याची भीती घालून तिला वगळायचं!

बरं, मादी सशांची प्रयोगशाळेला ॲलर्जी होती म्हणावं, तर तसंही नाही. १९३१ साली अमेरिकेत फ्रीडमन आणि लॅपहॅम या डॉक्टरांनी बाईला दिवस गेलेत की नाही हे ओळखण्याची चाचणी काढली. बाईची लघवी मादी सशाच्या कानातल्या शिरेत टोचायची, दोनेक दिवसांनी तिचं पोट फाडून अंडाशय बघायचं. निकाल काहीही लागो, ससा मरायचा. या कामाला मात्र हमखास मादी! अंडाशय हवं तेव्हा तिला बोलावणं, मेंदूचा विषय निघाला की 'बाई, तुम्ही जरा आत जा.' ही रीत मला कुठेतरी पाहिल्यासारखी वाटते. वाचकांनी आपापल्या घरी पाहिली असल्यास माझा नाइलाज आहे.

आता इंजिनिअरसाहेबांचं 'सिद्ध झालेलं' विज्ञान बघू. त्याचं मूळ पॅरिसमध्ये. तिथे पॉल ब्रोका नावाचे शल्यवैद्य होते. माणूस मोठा, मेंदूतलं बोलण्याचं केंद्र त्यांनी शोधलं, आणि ते आजही त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. त्यांनी पॅरिसच्या इस्पितळांतले मेंदू तागडीत घातले : २९२ पुरुषांची सरासरी १३२५ ग्रॅम, १४० बायकांची ११४४ ग्रॅम. फरक १८१ ग्रॅम. झालं! आता कोणीही विचारील, की बाईचं शरीरच लहान, मग मेंदू लहान असला तर नवल ते काय? ब्रोकांनाही हा प्रश्न पडला. त्यांनी उत्तर दिलं, की सगळा फरक शरीरामुळे आहे असं मानता येत नाही, कारण बायका सरासरीनं पुरुषांपेक्षा थोड्या कमी बुद्धीच्या असतात हे विसरून चालणार नाही! जे सिद्ध करायचं तेच पुराव्यादाखल. दुकानदारानं आधी किंमत ठरवावी आणि मग तेवढी भरेल अशा बेतानं काटा मारावा, तसं हे. पुढे शंभर वर्षांनी स्टीफन जे गूल्ड यांनी तेच आकडे पुन्हा तपासले. ब्रोकांच्या यादीतल्या बायका पुरुषांपेक्षा वयानं बऱ्याच मोठ्या होत्या आणि उंचीनं लहान. म्हातारपणी मेंदू आटतो. नुसतं वय आणि उंची हिशेबात धरताच १८१ चे ११३ झाले. मृत्यू कशानं झाला, शरीराची ठेवण काय, हे धरणं बाकीच होतं.

ब्रोकांच्याच वर्तुळातले गुस्ताव ल बाँ १८७९ साली याच्याही पुढे गेले. पुष्कळशा बायकांचे मेंदू आकारानं माणसापेक्षा गोरिलाला जवळचे, असं त्यांनी लिहिलं, आणि बायकांना पुरुषांसारखं शिक्षण देणं धोक्याचं ठरवलं. धोका कोणाला, हे वाचणाऱ्यांना समजलं असणारच. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८८२ साली, आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. त्यांच्याजवळ ना तागडी, ना प्रयोगशाळा. जे दोष तुम्ही बायकांच्या माथी मारता ते तुमच्यात नाहीत काय, एवढंच त्यांनी पुरुषांना विचारलं. माझ्या मते ब्रोका आणि ल बाँ यांच्या मोजमापात राहून गेलेली वस्तू हीच : दोन्ही पारड्यांना एकच वजन.

आणि वजनावरच बुद्धी ठरवायची, तर मग कच खायची नाही. रशियन कादंबरीकार तुर्गेनेव्ह यांचा मेंदू २०१२ ग्रॅम भरला, आणि ज्यांना १९२१ साली साहित्याचं नोबेल मिळालं त्या आनातोल फ्रान्स यांचा १०१७. म्हणजे ब्रोकांच्या सरासरी बाईपेक्षा सव्वाशे ग्रॅमनं कमी! आइनस्टाइन यांचा १२३० भरला. ब्रोकांच्या सरासरी पुरुषाहून पंचाण्णव ग्रॅम कमी. आमच्या इंजिनिअरसाहेबांनी सापेक्षतेचा सिद्धांत मांडायला काहीच हरकत नव्हती. पण त्यांना फिरायला जायचं असतं.

या सगळ्या मापाडी मंडळींना त्यांच्याच फूटपट्टीनं मोजलं ते लंडनच्या ॲलिस ली या बाईंनी. १८९८ साली डब्लिनमध्ये शरीररचनाशास्त्रज्ञांची सभा भरली होती. तिथल्या ३५ विद्वानांच्या डोक्यांची मापं घेतलेली होती. ॲलिसबाईंनी गणितानं त्यांच्या कवट्यांचं आकारमान काढलं आणि नावानिशी क्रम लावला. त्या सभेतले काही जगन्मान्य पंडित यादीच्या तळाशी! ज्यांच्या हाती तिचा प्रबंध तपासण्याचं काम, त्या मंडळींच्या चेहऱ्यांची कल्पना करा. प्रबंधाला विरोध झाला, पण कार्ल पिअर्सन पाठीशी उभे राहिले आणि १९०१ मध्ये तो छापून आला. कवटीच्या मापाचा आणि हुशारीचा काही संबंध नाही, हा त्याचा इत्यर्थ. पुरुषांचीच डोकी खाली घसरल्यावर तो पटायला सोपा गेला असावा.

या साऱ्या प्रकरणात खरा न्याय करण्याची संधी एका माणसाला होती, आणि तीही सशामुळे. चार्ल्स डार्विन यांनी रानातले आणि पाळलेले ससे घेऊन त्यांच्या कवट्या मोजल्या. १८६८ च्या त्यांच्या ग्रंथात निष्कर्ष आहे, की पाळीव ससा अंगानं थोराड झाला, पण त्या मानानं त्याचा मेंदू वाढला नाही. कारण? पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात कोंडल्यामुळे त्याला डोकं चालवायची, पळायची, शत्रूला चुकवायची गरजच उरली नाही. वापरानं अवयव वाढतो आणि तो गुण पिल्लांना जातो, हे म्हणणं आज कोणी मानत नाही. पिढ्यान्‌पिढ्या बुजरे नसलेले ससे माणसानं निवडले, असं आता सांगतात. २०१८ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी आठ रानटी आणि आठ पाळीव सशांचे मेंदू एमआरआयनं पाहिले, तेव्हा पाळीव सशांत भीती जागवणारा भाग लहान आणि भीतीला आवर घालणारा भाग मोठा निघाला. ते असो. मुद्दा असा, की सशाचा मेंदू पाहताना डार्विनना पिंजरा दिसला.

आणि तीनच वर्षांनी, १८७१ च्या ग्रंथात, त्याच डार्विननी स्त्री-पुरुषांची तुलना केली. काव्य, चित्रकला, संगीत, इतिहास, शास्त्र यांतल्या थोर पुरुषांची एक यादी करा आणि थोर स्त्रियांची दुसरी. दोन याद्यांची तुलनाच होऊ शकत नाही, म्हणून पुरुषाची बुद्धी वरचढ. इथे त्यांना पिंजरा दिसला नाही! विद्यापीठाची दारं बंद, शास्त्रज्ञांच्या सभांची दारं बंद, आणि यादीत नाव नाही म्हणून दोष मेंदूला. सशाला जो न्याय दिला तो बाईला दिला नाही. एवढ्या बारीक नजरेच्या माणसाला सशाचा पिंजरा दिसतो आणि घरातला दिसत नाही, यावरून मोजणाऱ्याच्या डोळ्यांचं माप आधी घ्यावं असं मला वाटतं.

'हे सगळं जुनं झालं' असं कोणी म्हणेल. तर १९८२ ची गोष्ट घ्या. मेंदूचे दोन अर्धगोल जोडणारा जो पूल असतो त्याचा मागचा भाग बायकांत मोठा असतो, असा शोध अमेरिकेतल्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात आला. मेंदू किती पाहिले? चौदा! नऊ पुरुषांचे, पाच बायकांचे. एवढ्या माणसांत आमच्या सोसायटीची सभासुद्धा तहकूब होते. पण त्यावरून बायका एका वेळी चार कामं कशा करतात, त्यांना अंतःप्रेरणा कशी असते, याची पुस्तकं निघाली. १९९७ साली दोघा संशोधकांनी ४९ अभ्यास एकत्र केले, तेव्हा तो फरक कुठे सापडेना. याची पुस्तकं मात्र निघाली नाहीत. 'फरक नाही' याला गिऱ्हाईक नसतं. २०१५ साली तेल अवीवच्या डाफ्ना जोएल आणि सहकाऱ्यांनी १४०० हून अधिक मेंदूंची चित्रं पाहिली. सगळे भाग अस्सल 'मर्दानी' किंवा सगळे 'बायकी' असे मेंदू अगदी थोडे, बाकीच्या तुमच्या-आमच्या मेंदूची गोधडी. २०२१ साली लीझ एलियट यांनी तीस वर्षांचं संशोधन गोळा करून सांगितलं, की पुरुषाचा मेंदू सरासरी ११ टक्क्यांनी मोठा असतो खरा. पण तो आकाराचा हिशेब वजा केला, की उरलेल्या रचनेतल्या फरकांपैकी जेमतेम एक टक्का नर-मादी या भेदानं समजतो.

म्हणजे फरक नाहीच का? आहे; आणि तो शोधायलाच हवा. इथे हसण्याचा भाग संपतो. झोपेची एक गोळी आहे, झोल्पिडेम नावाची. १९९२ साली तिला अमेरिकेत मंजुरी मिळाली. बायकांच्या शरीरातून ती पुरुषांपेक्षा सावकाश निघून जाते, त्यामुळे सकाळी गाडी चालवताना अंमल उरलेला असू शकतो. म्हणून तिथल्या औषध खात्यानं बायकांसाठीचा डोस १० मिलिग्रॅमवरून निम्मा, ५ मिलिग्रॅम केला. कधी? २०१३ साली! वीसेक वर्षं बायका पुरुषाच्या मापाची झोप घेऊन गाडी चालवत होत्या. १९९७ नंतर अमेरिकेत बाजारातून काढून घेतलेल्या दहा औषधांपैकी आठ औषधांचा धोका बायकांना अधिक होता, असा तिथल्या सरकारी हिशेबतपासनीस कचेरीचा २००१ चा अहवाल आहे. प्रयोगशाळेत नर ससा बरा झाला, की घरातल्या बाईला गोळी लागू! नवऱ्याच्या अंगाचं माप घेऊन बायकोचं पोलकं शिवणारा शिंपी आपण एक दिवस दुकानात टिकू देणार नाही. इथे पोलकं नाही, औषध आहे.

म्हणून माझं भांडण मोजण्याशी नाही. खुशाल मोजा. पण दोघांना मोजा, दोघांना एकाच काट्यावर मोजा, आणि पिंजरा कोणाला होता ते आकड्याशेजारी लिहा. बाईचा मेंदू कमी म्हणणारा ब्रोका आणि मादी ससा मोजायचाच नाही म्हणणारा आजचा प्रयोगशाळावाला, हे मला एकाच दुकानाचे भागीदार वाटतात. दोघांच्याही लेखी नर म्हणजे माप आणि मादी म्हणजे त्या मापात न बसलेला माल. अमेरिकेच्या आरोग्यसंस्थेनं २०१६ पासून अनुदान मागणाऱ्यांना नर-मादी दोन्हींचा विचार करायला लावला आहे. उशीर झाला, पण बिळाचं दार किलकिलं झालं, हेही थोडं नाही.

जाता जाता एक. प्रयोगशाळेत सर्रास वापरतात त्या 'न्यूझीलंड व्हाइट' जातीत (जिचा न्यूझीलंडशी काही संबंध नाही, जन्म अमेरिकेतला) मादी नरापेक्षा वजनानं भारी असते. मोठा तो शहाणा, हा न्याय इथे लावावा का, असं मी इंजिनिअरसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "छे हो! नुसत्या वजनावरून काय ठरतं?"

अगदी हेच, साहेब. हेच आम्ही ब्रोकांच्या काळापासून म्हणतो आहोत.